पणजीची कॅसिनो-सहल : दोघांसाठी परवडणारी आणि मोक्याची खोली कशी निवडावी

कॅसिनो पाहायला गोव्याला निघालेले मुंबईचे जोडपे हॉटेल शोधायला बसले की सवयीने कळंगुट किंवा बागा हीच नावे आधी टाकते, कारण गोवा म्हणजे किनारा हे आपल्या डोक्यात पक्के बसलेले आहे. मोठे कॅसिनो मात्र त्या किनाऱ्यांवर नाहीत. बहुतेक नावाजलेले कॅसिनो पणजीत, मांडवी नदीत नांगरून ठेवलेल्या जहाजांवर चालतात, आणि कळंगुट तिथून साधारण पंधरा किलोमीटर दूर आहे. दिवसा हे अंतर किरकोळ वाटते; पहाटे तीन वाजता, पाय दुखत असताना आणि खिशात मोजकेच पैसे उरलेले असताना, तेच अंतर संपूर्ण सहलीचा हिशेब बिघडवते. आमच्या पहिल्या फेरीत आम्ही नेमके हेच केले. स्वस्तात मिळाली म्हणून किनाऱ्याजवळची खोली घेतली आणि जेवढे वाचवले त्याहून अधिक पैसे एका रात्रीच्या टॅक्सीला दिले.

कॅसिनो नदीत का आहेत, हे एकदा समजून घेतले की हॉटेल कुठे हवे याचे अर्धे उत्तर आपोआप मिळते. गोवा, दमण आणि दीवचा सार्वजनिक जुगारबंदीचा कायदा १९७६ सालचा. त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांमध्ये यंत्रांवरच्या खेळांना परवानगी मिळाली आणि पुढे टेबलावर पत्ते वाटून किंवा चक्र फिरवून खेळायच्या खेळांना जहाजांवर मुभा देण्यात आली. त्यामुळे जमिनीवरचा कॅसिनो हवा असेल तर तो पंचतारांकित हॉटेलातच सापडणार, म्हणजे तिथल्या खोलीचा दर आपल्या आवाक्याबाहेर असण्याचीच शक्यता जास्त. आणि रूले, ब्लॅकजॅक, अंदर-बाहर असे खेळ पाहायचे असतील तर धक्क्यावरून छोट्या बोटीने जहाजावर जावे लागणार. (आपल्या महाराष्ट्रातही कॅसिनोचा कायदा १९७६ सालीच झाला होता. तो कधी अंमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे मुंबईकराला ही हौस भागवायला कोकण ओलांडावेच लागते.)

तेव्हा हॉटेलचे अंतर समुद्रापासून मोजू नये, विमानतळापासूनही मोजू नये; ते धक्क्यापासून मोजावे. पणजीत मांडवीच्या काठाने जाणाऱ्या दयानंद बांदोडकर मार्गावर कॅसिनोंची स्वागतकक्षे आहेत आणि तिथल्या धक्क्यांवरून त्यांच्या बोटी सुटतात. सगळ्यांचा धक्का एकच नसतो. म्हणून आधी कोणत्या जहाजावर जायचे ते ठरवावे, मग त्याची बोट नेमकी कुठून सुटते ते विचारून घ्यावे, आणि त्यानंतरच नकाशा उघडून हॉटेल शोधावे. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात. नकाशात अंतर पाहताना मोटारीचे नव्हे, चालण्याचे चिन्ह दाबावे. ‘कॅसिनोपासून पाच मिनिटांवर’ ही जाहिरातीतली पाच मिनिटे बहुधा रिकाम्या रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारीची असतात.

चालत जाता येण्यावर मी इतका भर देतो, त्याला टॅक्सीच्या भाड्याखेरीज दुसरेही कारण आहे. गोव्यात भाड्याची स्कूटर सहज मिळते, आणि दिवसा फिरायला तिच्यासारखे वाहन नाही. परंतु कॅसिनोच्या प्रवेश-पॅकेजमध्ये बहुधा जेवणाबरोबर मद्यही धरलेले असते, आणि दोन पेग झाल्यावर ती स्कूटर हॉटेलात परत आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय मुंबईत रात्री-अपरात्री फोनवरून गाडी बोलावण्याची आपल्याला सवय असते, ती इथे उपयोगी पडत नाही. ओला आणि उबर गोव्यात चालत नाहीत. गोवामाइल्स हे ॲप आहे, पण पहाटे तीनला गाडी मिळेलच असे धरून चालू नये, आणि धक्क्याबाहेर उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याशी त्या वेळी घासाघीस करण्याइतकी ताकद कोणात उरलेली नसते.

कोणत्या भागात शोधावे

पणजी लहान शहर आहे. दादर ते परळ चालत जाणाऱ्या माणसाला त्याचा मधला भाग सहज पायाखाली घालता येतो. तरीही गल्लीगणिक खोलीचा स्वभाव बदलतो.

सर्वात सोयीचा पट्टा म्हणजे कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कचेरीपासून जुन्या सचिवालयापर्यंतचा आणि तिथून आत चर्चच्या चौकापर्यंतचा. इथून धक्का अगदी जवळ पडतो. मात्र नदीकडे तोंड असलेल्या खोलीसाठी हॉटेलवाले जास्त पैसे मागतात, आणि माझ्या मते ते देऊ नयेत. संध्याकाळी जहाजांचे रंगीत दिवे पाण्यात पडलेले दिसतात हे खरे. पण त्याच खिडकीतून रात्रभर तो झगमगाट आणि सकाळी आठपासून बांदोडकर मार्गावरचे भोंगे आत येतात, नेमके तुम्ही झोपलेले असताना. दिवे पाहायचे असतील तर काठावरच्या पदपथावरून फुकट दिसतात. खोली मागच्या बाजूचीच मागावी.

दुसरा भाग १८ जून मार्ग, महात्मा गांधी मार्ग आणि बाजाराच्या आसपासचा. कामानिमित्त येणाऱ्या लोकांसाठी बांधलेली साधी, लिफ्ट असलेली, वातानुकूलित हॉटेले इथे आहेत. त्यांच्या फोटोंत काही मोहक दिसत नाही, त्यामुळे सहलीला येणारी जोडपी त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. पण बेताच्या पैशांत स्वच्छ खोली मिळण्याची शक्यता मला सर्वात जास्त इथेच वाटते. धक्का चालत साधारण दहा-पंधरा मिनिटांवर येतो, आणि दुपारी उठल्यावर खाली उतरताच मासळीची थाळी किंवा पातळ भाजी आणि पाव मिळतो.

तिसरा भाग फोंतेन्हास, म्हणजे माळा या जुन्या वस्तीचा परिसर. पिवळ्या, निळ्या, तांबड्या रंगांच्या जुन्या घरांपैकी काहींत आता पाहुण्यांसाठी खोल्या आहेत, आणि दोघांनाच निवांत राहायचे असेल तर पणजीत याहून देखणी जागा नाही. पण जुने घर म्हटले की जुन्या घराचे सगळेच आले. जिना अरुंद आणि उभा असतो. लाकडी तक्तपोशीवर वरच्या मजल्यावरचा माणूस कुशीवर वळला तरी खाली कळते. गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबते आणि बॅगा दगडी रस्त्यावरून ओढत न्याव्या लागतात. शिवाय दिवसभर फोटो काढणाऱ्यांची वर्दळ असते, आणि तिला तिथले रहिवासी कंटाळलेले आहेत. पहाटे परतताना गल्लीत मोठ्याने बोलू नये, लोक खरोखरच आपापल्या घरांत झोपलेले असतात.

पाटो म्हणजे कदंब बसस्थानकाची बाजू. मुंबईहून रात्रीच्या बसने येणाऱ्यांना ती सोयीची वाटते, आणि ओरेम खाडीवरच्या पादचारी पुलाने पलीकडच्या माळ्यात चालत जाता येते. पण हा कचेऱ्यांचा भाग असल्यामुळे रात्री अगदी सुनसान होतो. एकट्याने नव्हे तर दोघांनी चालायचे असले, तरी तो रस्ता मला पहाटे आवडला नाही.

मिरामार सुमारे तीन किलोमीटर आणि दोना पावल सुमारे सात किलोमीटर. समुद्र हवाच असा हट्ट असेल तर मिरामार ही तडजोड ठीक आहे, कारण तिथून येण्याजाण्याचा खर्च आटोक्यात राहतो. नदीपलीकडे पर्वरी आणि बेतीत दर उतरतात. बेतीची फेरीबोट पायी जाणाऱ्यांना फुकट नेते, आणि संध्याकाळी त्या बोटीतून पणजीला येणे हा स्वतंत्र आनंद आहे. परंतु रात्री उशिरा तिच्यावर विसंबून राहू नये, म्हणजे परतीची टॅक्सी आलीच. कळंगुट, कांदोळी आणि बागा यांविषयी वर लिहिलेच आहे. किनाऱ्यावरही राहायचे असेल तर सहलीचे दोन तुकडे करावेत : दोन रात्री किनाऱ्यावर, आणि कॅसिनोची एक रात्र पणजीत.

घड्याळ उलटे फिरते, हे ध्यानात घ्यावे

नेहमीच्या सहलीत माणूस रात्री खोलीत असतो आणि दिवसा बाहेर. कॅसिनोच्या रात्री नेमके उलटे होते. तुम्ही संध्याकाळी बाहेर पडता, पहाटे परतता आणि सकाळभर झोपता. त्यामुळे हॉटेलकडून हव्या असलेल्या गोष्टीही बदलतात.

पहिली गोष्ट खोलीत शिरण्याच्या आणि सोडण्याच्या वेळेची. कोकणकन्या एक्स्प्रेस मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी करमळीला पोहोचवते. करमळी स्थानक पणजीहून सुमारे बारा किलोमीटरवर आहे. पण बहुतेक हॉटेले खोली दुपारी बारा, एक किंवा दोन वाजता देतात आणि सोडायला मात्र दहा किंवा अकराला सांगतात. म्हणजे पहाटे चारला परतून झोपलेल्या माणसाला सकाळी दहाला दारावर टकटक ऐकू येते, आणि पूर्ण दिवसाचे पैसे भरून खोलीत जेमतेम सहा तास झोप मिळते. म्हणून दोन हॉटेलांच्या दरात शे-दोनशेचा फरक असेल तर दर पाहू नये, वेळ पाहावी. ‘चोवीस तासांचे चेक-इन’ असलेले हॉटेल, म्हणजे ज्या वेळी शिराल तेव्हापासून चोवीस तास मोजणारे, मिळाले तर उत्तमच. ते नसेल तर आधीच फोनवर दुपारी एक-दोनपर्यंत खोली ठेवण्याचे किती पैसे घ्याल ते विचारून घ्यावे आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागावे. पाळी बदलली की काउंटरवरचा माणूस बदलतो, आणि तोंडी दिलेला शब्द त्याच्याबरोबरच घरी जातो.

दुसरी गोष्ट नाश्त्याची. आपल्याकडे ‘नाश्त्यासह’ हे शब्द दिसले की खोली स्वस्त पडल्यासारखी वाटते. तो नाश्ता बहुधा दहा, साडेदहापर्यंत संपतो. मध्यरात्री जहाजावरच्या बफेवर जेवलेले जोडपे त्या वेळी गाढ झोपेत असते. नाश्ता नसलेला दर मागावा. फरक दोन माणसांचा, दोन दिवसांचा धरला तर डोळ्यांत भरण्याइतका निघतो.

तिसरी गोष्ट उजेडाची आणि आवाजाची. दिवसा झोपायचे म्हणजे जाड पडदे हवेत. फोटोत पातळ पांढरा पडदा दिसला तर तो फोटोपुरताच सुंदर आहे असे समजावे. एप्रिल-मे महिन्यांत सगळ्यात वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची खोली दुपारी इतकी तापते की वातानुकूलन यंत्र नुसते घोंघावत राहते. पावसाळ्यात उलट. जून ते सप्टेंबर या काळात दर उतरतात, कॅसिनो चालू असतात, आणि जोडप्यासाठी तो उत्तम हंगाम आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. पण तेव्हा तळमजल्यावरची खोली घेऊ नये, गाद्यांना ओलीचा वास येतो.

चौथी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट दाराची. रात्री तीन वाजता दार कोण उघडणार, हा प्रश्न हॉटेल निवडताना कोणालाच सुचत नाही. आम्हालाही सुचला नव्हता. दुसऱ्या फेरीत आम्ही शहाणे होऊन माळ्यातल्या एका लहानशा गेस्टहाउसमध्ये खोली घेतली. जागा मोक्याची, दर बेताचा, खिडकीत बोगनवेल. पहाटे साडेचारला परतलो तर बाहेरच्या लोखंडी ग्रिलला आतून कुलूप. घंटा वाजवली, फोन केला. फोन आत कुठेतरी वाजताना आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता, पण राखणदार काही उठेना. शेवटी बायको चपला हातात घेऊन पायरीवर बसली आणि मी शेजारच्या घरातला कुत्रा भुंकू नये म्हणून श्वास रोखून उभा राहिलो. उजाडता उजाडता पों-पों असा भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून आला, त्याच्याकडून दोन गरम पाव घेतले, आणि त्याच भोंग्याने राखणदारही जागा झाला. त्याची चूक म्हणावी तर तीही पुरती नाही. दार अकराला बंद होते अशी पाटी आतल्या भिंतीवर होती आणि आम्ही ती वाचली नव्हती. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न दराचा नसतो, किल्लीचा असतो.

दर कसा वाचावा

हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलला आहे. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० रुपयांना पडते आणि ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना. दोनशे रुपयांच्या फरकासाठी जवळपास बाराशे रुपये जास्त जातात. बेताच्या खोलीला हा उंबरठा सहसा लागत नाही. पण शनिवारचे आणि डिसेंबरचे दर चढतात तेव्हा साधी खोलीही तिथवर पोहोचते, म्हणून शेवटच्या पानावरची, करासहितची रक्कमच दोन हॉटेलांत ताडून पाहावी.

त्याच तारखेपासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. याचा हॉटेलशी संबंध असा, की ‘एक रात्र मुक्काम आणि दोघांना कॅसिनो-प्रवेश’ अशी एकत्रित योजना दिसली की तिची फोड करून मागावी : खोलीचे किती, प्रवेशाचे किती, कर आत धरला आहे की वेगळा, आणि प्रवेशाबरोबर मिळणाऱ्या चिप्सपैकी (खेळात पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांपैकी) रोख करून घेता येणाऱ्या किती. काही चिप्स फक्त एकदा खेळण्यापुरत्या असतात. त्या पैशांत बदलून मिळत नाहीत, पण योजनेच्या जाहिरातीत त्यांची किंमत सवलतीसारखी मांडलेली असते. अशी फोड केल्यावर कधी कधी योजना खरोखर स्वस्त निघते. बहुतेक वेळा खोली वेगळी आणि प्रवेश वेगळा घेणेच परवडते.

आता एक हिशेब कागदावर मांडून पाहावा. समजा, दूरच्या भागातली खोली १,८०० रुपयांना आहे आणि पणजीच्या मध्यभागातली २,६०० रुपयांना. दूरच्या खोलीच्या रकमेत संध्याकाळी येण्याचे भाडे, पहाटे परतण्याचे भाडे आणि परतीच्या दिवशी बॅगा घेऊन स्थानकाकडे जाण्याचे वाढीव भाडे मिळवावे. जवळच्या खोलीच्या रकमेतून न खाल्लेल्या नाश्त्याचे पैसे वजा करावेत. या बेरजेनंतरही दूरची खोली स्वस्त ठरली, तर ती खुशाल घ्यावी.

वार निवडण्याची मुभा असेल तर सोमवार ते गुरुवार जावे. हॉटेल आणि कॅसिनो-प्रवेश या दोहोंचे दर शुक्रवारपासून वाढतात, आणि मुंबई-पुण्याची गर्दीही त्याच वेळी उतरते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचे फेस्त असते, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कार्निव्हल येतो. या दिवसांत शहराच्या मध्यभागी खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर त्यांचे दर ऐकवत नाहीत. गांधी जयंतीला मद्य मिळणार नाही, त्या दिवशी पॅकेजचे पैसे भरताना तेवढे ध्यानात ठेवावे. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. ते आधी हाती घ्यावे आणि मगच हॉटेलचे न परतणारे पैसे भरावेत, कारण कोकण रेल्वेचे तिकीट प्रतीक्षायादीत अडकले आणि खोली मात्र पक्की झाली, ही मुंबईकराची नेहमीची रड आहे.

फोन करावाच

ॲपवर खोली निवडली तरी पैसे भरण्यापूर्वी हॉटेलला एक फोन करावा, आणि तो शक्यतो रात्री दहानंतर करावा. रात्री फोन उचलणारा माणूस तिथे आहे की नाही, हे त्या एका फोनने कळते. मी साधारण असे विचारतो : “आम्ही दोघे नवरा-बायको, बुधवारी येणार. पहाटे तीन-चारला परतू, खालचे दार उघडे असते का? मागच्या बाजूची खोली मिळेल का? गीझर चोवीस तास चालू असतो की सकाळीच? वीज गेली तर वातानुकूलन जनरेटरवर चालते का?” उत्तरांपेक्षा उत्तरे देण्याची तऱ्हा जास्त सांगून जाते. ‘हो हो, सगळे आहे, तुम्ही या’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘गीझर सात ते अकरा, पण सांगितलेत तर दुपारी लावून देऊ’ म्हणणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

एक लाजरा प्रश्नही विचारून टाकावा. ‘डबल बेड’ म्हणून जे मिळते ते अनेकदा दोन वेगळ्या खाटा एकमेकींना टेकवून वर एक चादर घातलेले असते, आणि मध्यरात्री त्यांच्यामध्ये दरी पडते. सलग गादी आहे ना, एवढे विचारण्यात संकोच कसला?

अभिप्राय वाचताना गेल्या तीन-चार महिन्यांतलेच वाचावेत. पाच तारे देणारे ‘छान जागा’ एवढेच लिहितात. दोन आणि तीन तारे देणारे नेमके काय खटकले ते लिहितात, आणि खरी माहिती तिथेच असते. पाहुण्यांनी काढलेले फोटो हॉटेलच्या फोटोंपेक्षा अधिक विश्वासाचे. त्यांत न्हाणीघराचा एक तरी फोटो शोधावा.

पैसे भरताना सावधगिरी हवी. नावाजलेल्या हॉटेलांच्या नावाने खोटी संकेतस्थळे आणि खोटे फोन नंबर फिरत असतात, आणि आगाऊ रक्कम एखाद्या खासगी व्यक्तीच्या खात्यावर मागितली जाते. नंबर दोन ठिकाणी पडताळावा, यूपीआयवर पैसे पाठवताना समोर उमटणारे नाव हॉटेलचे आहे का ते पाहावे, आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. जागेवर पैसे देण्याची सोय असेल तर शंभर-दोनशे जास्त गेले तरी तीच घ्यावी, विशेषतः पहिल्यांदा जाणाऱ्यांनी.

ओळखपत्रे आणि नोंदवही

दोघांचीही मूळ ओळखपत्रे लागतात; एकाचे असून चालत नाही, फोनमधला फोटो सगळीकडे चालतोच असे नाही. हॉटेलला आधारची प्रत देताना शेवटचे चार आकडेच दिसणारे मास्क्ड आधार द्यावे. कॅसिनोतही वय तपासतात. एकवीस वर्षे पूर्ण नसतील तर खेळाच्या दालनात प्रवेश नाही, आणि फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातल्या रहिवाशांनाही तिथे बंदी आहे, त्यामुळे मुंबईचा पत्ता असलेले ओळखपत्र इथे कामाला येते. एखाद्याच्या आधारवर अजून गोव्याचा जुना पत्ता असेल तर निघण्यापूर्वी तो बदलून घ्यावा.

लग्नानंतर आडनाव न बदललेल्या बायकांना काउंटरवर कधी कधी नकोसे प्रश्न विचारले जातात. लग्न न झालेल्या प्रौढ जोडप्याला खोली नाकारावी असा कोणताही कायदा नाही. तरीही काही हॉटेले स्वतःच्या नियमावर बोट ठेवतात. बॅगा घेऊन दारात उभे राहिल्यावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून आरक्षणापूर्वीच्या फोनवरच सरळ सांगावे आणि समोरचा क्षणभर जरी अडखळला तरी दुसरे हॉटेल पाहावे.

खोलीत शिरल्यावर, बॅगा उघडण्यापूर्वी, पाच मिनिटे खर्च करावीत : नळ, गीझर, दाराची आतली कडी, पडदे, वातानुकूलनाचा आवाज. खोली बदलून मागायची ती याच वेळी; संध्याकाळपर्यंत हॉटेल भरते. कॅसिनोला निघण्याआधी मुक्कामाचे सगळे पैसे चुकते करावेत आणि परतीच्या प्रवासापुरती रोकड खोलीतल्या बॅगेत वेगळी ठेवावी, म्हणजे जहाजावर जे काही होईल ते खिशातल्या रकमेपुरतेच राहते. पुरुषांनी अर्धी चड्डी आणि चपला घालून निघू नये. धक्क्यावरून परत पाठवले तर कपडे बदलायला पुन्हा खोलीवर यावे लागते, आणि खोली चालत दहा मिनिटांवर असल्याचा फायदा तेव्हाही होतो.

परतीच्या दिवसाचा विचार आरक्षण करतानाच करावा. मुंबईची कोकणकन्या संध्याकाळी आहे आणि खोली अकराला सोडायची आहे, तर मधले सात-आठ तास बॅगा कुठे ठेवणार? बहुतेक हॉटेले त्या काउंटरमागे विनामूल्य ठेवतात. काही लहान गेस्टहाउसांत तेवढी जागाच नसते. हॉटेलात तळमजल्यावर हातपाय धुण्याची सोय आहे का हेही विचारावे, विशेषतः मे महिन्यात. करमळीला नेणारी टॅक्सी आदल्या दुपारीच ठरवावी, भाडे त्याच वेळी पक्के करावे आणि गाडी सुटण्याच्या तासभर आधीची वेळ सांगावी. संध्याकाळी पणजीतून बाहेर पडताना पुलाच्या तोंडाशी गाड्या तुंबतात.